हार्बर लाइनवरचं जपानी

मुंबईत राहून जपानीशी संबंध कसा काय टिकवतेस, असं कुणी विचारलं की विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा सुशी असते, नाहीतर भाच्याच्या टी-शर्टवरचं अ‍ॅनिमे. माझ्या डोळ्यांपुढे सुकी मांदेली येते.

सविस्तर सांगते. मी बॅलार्ड इस्टेटमधल्या एका फ्रेट फॉरवर्डिंगच्या ऑफिसात डॉक्युमेंटेशन बघते. न्हावा शेव्याहून निघणाऱ्या कंटेनरचे कागद जुळवायचे, बिल ऑफ लेडिंगचा, म्हणजे जहाजावर चढवलेल्या मालाच्या पावतीचा, मसुदा तपासायचा, एखाद्या स्पेलिंगपायी माल पलीकडच्या बंदरात अडकू नये एवढं पाहायचं. आमच्या ग्राहकांत काही जपानी कंपन्या आहेत. त्यांच्यासाठी म्हणून मी दादरला संध्याकाळच्या क्लासला जायला लागले आणि मग सुटका झाली नाही. जपान पाहिलाय एकदाच, तोही ऑफिसच्या कामाने, कोबे बंदरापुरता. बाकी माझं सगळं जपानी चेंबूर ते सीएसएमटी या पट्ट्यात घडलेलं आहे.

क्लासबरोबर परीक्षा येतेच. जेएलपीटी, म्हणजे जपानी किती येतं ते तपासणारी परीक्षा. आपल्याकडे जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते. एन-5 ते एन-1 अशा पाच पायऱ्या. 2010च्या आधी चारच होत्या. या परीक्षेत एक गंमत आहे. सगळे प्रश्न पर्याय निवडायचे. तोंड उघडायचं नाही, एक ओळ लिहायची नाही. त्यामुळे एन-2चं सर्टिफिकेट हातात आहे, पण ‘माझी चप्पल कुठे गेली?’ एवढं विचारताना घाम फुटतो, अशी हुशार मुलं मी पाहिली आहेत. त्यांचा काही दोष नाही. परीक्षेने जे मागितलं ते त्यांनी दिलं.

माझं मत असं झालंय की भाषेला घरात काम द्यावं लागतं. मुंबईच्या घरात बिनकामाची वस्तू माळ्यावर जाते, मग ती कितीही हौसेने आणलेली असो. तेव्हा मी जपानीला कामाला लावलं.

पहिलं काम लोकलमधलं. चेंबूरला गाडी भरलेलीच येते, वडाळ्यापर्यंत उभं राहायचं, हात वर अडकलेला, मोबाइल बाहेर काढायची सोय नाही. मग मी समोर दिसेल ते मनातल्या मनात जपानीत सांगत जाते. मराठी माणसाला यात एक आयता फायदा आहे आणि तो क्लासमध्ये कुणी नीट सांगत नाही. ‘मी रोज ट्रेनने ऑफिसला जाते.’ ‘वाताशी वा माइनिची देन्शा दे काइशा ए इकिमासु.’ शब्दामागे शब्द ठेवून बघा. मी, रोज, ट्रेन-ने, ऑफिस-ला, जाते. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे, कर्ता उघड असेल तर गाळला तरी चालतो. आमचे शिक्षक जपानी वाक्य आधी इंग्रजीत उलटं करून समजावायचे आणि आम्ही ते परत सुलटं करायचो. निम्मा वर्ग या कसरतीतच दमला. मराठीतून सरळ गेलं असतं तर पहिलं वर्ष वाचलं असतं, हे माझं ठाम मत.

आणि ते जोडशब्द! आपल्या चिडचिडीला तिथे ‘इराइरा’ आहे, छातीतल्या धडधडीला ‘दोकिदोकि’, ढगांच्या गडगडाटाला ‘गोरोगोरो’. पावसाचे तर विचारू नका. ‘झाझा’ म्हणजे धो धो, ‘शितोशितो’ म्हणजे शांतपणे लागून राहिलेला. चुनाभट्टीला गाडी सिग्नलला थांबली की डब्यात कोणता शब्द लागू पडतो हे सांगायला नको.

डब्यातल्या बायकांना आता माझी सवय झालीये. पुटपुटताना ओठ हलतात, तेव्हा नव्या एखादीला वाटतं मी स्तोत्र म्हणते. एकीने विचारलंही, ‘ताई, कुठल्या देवीचं?’ मी म्हटलं, ‘जपानी आहे हो.’ ती म्हणाली, ‘असू दे, म्हणा म्हणा.’

कॉटन ग्रीन स्टेशन गेलं की मात्र माझी उजळणी थांबते आणि डोक्यात इतिहास सुरू होतो. आपण त्या नावाकडे लक्ष देत नाही, पण या शहराचं जपानशी पहिलं घट्ट नातं कापसाचंच. ओसाकाच्या सूतगिरण्यांना कापूस हवा होता, मुंबईत तो ढिगाने होता, आणि मधल्या समुद्रावर पी अँड ओसारख्या ब्रिटिश बोट कंपन्यांची मक्तेदारी. भाडं त्या म्हणतील ते. जमशेटजी टाटा 1893 साली जपानला गेले, शिबुसावा एइइची या उद्योगपतींना भेटले, आणि त्याच वर्षी निप्पॉन यूसेन काइशाची मुंबई ते कोबे बोट सुरू झाली. जपानी कंपनीची ही दूर पल्ल्याची पहिली नियमित सेवा. समोरच्यांनी दर पाडून त्यांना बुडवायचा प्रयत्न केला, पण जपानच्या सूतगिरण्यांच्या संघटनेने आपला माल यूसेनच्याच बोटीने आणायचं ठरवलं होतं, म्हणून मार्ग टिकला. आज आमच्या ऑफिसात भाड्याच्या दरांवरून जी भांडणं होतात ती ऐकताना मला नेहमी वाटतं, विषय तोच आहे, फक्त गाठी जाऊन कंटेनर आले. शिबुसावांचा चेहरा जुलै 2024 पासून दहा हजार येनच्या नोटेवर आहे. ती नोट मी ऑफिसात सगळ्यांना दाखवली. अकाउंट्समधल्या काकांनी फक्त एवढंच विचारलं, ‘याचे आपले किती झाले?’

टाटांची ही गोष्ट सांगताना लोक एक भाग गाळतात. त्याच काळात, त्याच समुद्रावरून बायकाही आल्या. क्यूशू बेटाच्या शिमाबारा आणि आमाकुसा भागातल्या गरीब घरांतल्या मुली आशियातल्या बंदराबंदरांत विकल्या गेल्या. त्यांना कारायुकी-सान म्हणत. कामाठीपुऱ्यातही त्या होत्या. वरळीला जपानी लोकांची जुनी दफनभूमी आहे. मुंबई-जपान मैत्रीवर भाषण ठोकणाऱ्यांनी कापसाबरोबर त्यांचंही नाव घ्यावं असं मला वाटतं.

असो. साडेनऊला ऑफिसात पोचते तेव्हा तोकियोत दुपारचा एक वाजलेला असतो आणि मेलबॉक्समध्ये त्यांची अख्खी सकाळ जमलेली असते. प्रत्येक मेलच्या डोक्यावर ‘इत्सुमो ओसेवा नि नात्ते ओरिमासु’. आपण नेहमीच आमची काळजी वाहता, आभारी आहोत, अशा अर्थाचं. ज्याने काल रात्री आपल्याला झापलंय तोही आज सकाळी हे लिहितो. नव्या मुलांना हे हास्यास्पद वाटतं. मला अजिबात वाटत नाही, कारण मी माझ्या वडिलांची पत्रं वाचून मोठी झाले. वर ‘श्री’, मग ‘सा. न. वि. वि.’, मग ‘आपले कृपापत्र पावले’, आणि शेवटी ‘कळावे, लोभ असावा ही विनंती’. भावाशी जमिनीवरून वाद चालला होता त्या पत्रांतसुद्धा वि. वि. कधी चुकलं नाही. जपानी पत्रातही सुरुवातीला ‘हाइकेइ’, शेवटी ‘केइगु’, आणि मायन्याच्या लगेच खाली दोन ओळी हवामानाच्या. पावसाळ्याला पावसाळ्याच्या, थंडीला थंडीच्या. मेलमध्ये आता हा प्रकार कमी झालाय, पण मी जुलैत आवर्जून लिहिते, कारण मुंबईत ती ओळ नुसता शिष्टाचार नसते. ‘इकडे मुसळधार पाऊस चालू आहे’ असं आधी लिहून ठेवलं की चौथ्या ओळीत ‘ट्रेलर पनवेलला अडकला आहे’ हे सांगणं सोपं जातं.

बोलण्याचा सराव मात्र एकट्याने होत नाही. माझी एक जपानी मैत्रीण आहे, पवईला राहते, नवऱ्याच्या नोकरीमुळे आलेली. तिला इथे म-सान म्हणू. क्लासमधल्या ओळखीतून भेट झाली आणि आमचा सौदा ठरला. अर्धा तास मी तिच्याशी जपानी बोलायचं, अर्धा तास ती माझ्याशी मराठी. हिंदी का नाही, असं मी विचारलं. तर तिच्या घरी कामाला येणाऱ्या मावशी सांगलीकडच्या आहेत, मराठीच बोलतात, आणि म-सानला दुकानात, रिक्षात कसंही निभावतं, पण मावशींशी बोलायचंच होतं. तिची पहिली यादी मी जपून ठेवलीये. ‘ओला कचरा’, ‘सुका कचरा’, ‘उद्या पाणी येणार नाही’, ‘तुमच्या मुलीची परीक्षा कशी झाली?’ कुठल्याही पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या धड्यापेक्षा ही यादी सरस आहे.

म-सानकडून मी जे शिकले त्यात सगळ्यात मोलाचं म्हणजे ऐकायचं कसं. जपानीत समोरचा बोलत असताना आपण मध्ये मध्ये ‘हाइ’, ‘एए’, ‘सो देसु का’ असं करत राहायचं असतं. याला आइझुचि म्हणतात. गप्प राहिलात तर समोरचा थांबतो, त्याला वाटतं फोन तुटला, नाहीतर बाई रागावल्या. आमच्या ऑफिसातला एक नवा मुलगा फोनवर अतिशय सभ्यपणे गप्प बसायचा आणि पलीकडून दर मिनिटाला ‘मोशि मोशि?’, म्हणजे ‘हॅलो?’, यायचं. त्याला मी म्हटलं, तुझी आजी गोष्ट सांगायची तेव्हा तू काय करायचास? म्हणाला, हुंकार द्यायचो. नाही दिला तर आजी गोष्ट थांबवायची. मग हेच ते. श्रावणातल्या कहाण्या ऐकताना, कीर्तनात, अंगणातल्या रात्रीच्या गोष्टींत आपण ‘हूं’ म्हणतोच ना. त्या दिवसापासून त्याचा फोन सुरळीत. लेडीज डब्यात तर याचं फुकट प्रशिक्षण मिळतं. ‘हं... हं... अगं बाई... मग?... बरं झालं!’ एवढ्यावर एक बाई कुर्ला ते मस्जिद समोरचीची सगळी सासू ऐकून घेते.

आता मांदेलीकडे येते.

जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी. माशाचं किंवा समुद्री शेवाळाचं पातळ, स्वच्छ पाणी. ते असेल तर मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, सूपपासून वरणासारख्या साध्या गोष्टीपर्यंत सगळ्याला चव येते, नसेल तर नुसतं खारट पाणी. प्रतिष्ठेची दाशी कात्सुओबुशीची, म्हणजे धूर देऊन लाकडासारखा वाळवलेला बोनिटो मासा, त्याचे कीस. आपल्या लक्षद्वीपमध्ये ट्यूना उकडून, धुरी देऊन, वाळवून मासमीन करतात, तो याचाच चुलतभाऊ. पण मुंबईत दोन्ही सहज मिळत नाहीत, आणि आयातीच्या दुकानात त्या इवल्याशा पाकिटाची किंमत बघून हात मागे येतो. जपानी घरांत मात्र रोजची दाशी पुष्कळदा निबोशिची असते. निबोशि म्हणजे उकडून वाळवलेले छोटे मासे, सार्डिन नाहीतर अँचोव्ही. आणि मांदेली कोण? अँचोव्हीच्याच कुळातली.

हे मला पुस्तकाने सांगितलं, पण पुढचं सगळं सासूबाईंनी. त्या अलिबागकडच्या. मी चेंबूरच्या बाजारातून सुक्या मांदेलीचा वाटा आणला आणि सांगितलं की याचं पाणी करायचंय. त्यांनी पिशवीत नाक घातलं आणि म्हणाल्या, ‘ही जुनी आहे, परत कर.’ दुसऱ्या दिवशी त्या स्वतः आल्या. कोळीण मावशींशी आधी पावसावर, मग गुडघ्यांवर बोलणं झालं, आणि मग टोपलीच्या खालून वेगळा, चकचकीत, खमंग वासाचा माल निघाला. मावशींनी विचारलं, ‘कालवण?’ सासूबाई म्हणाल्या, ‘नाय, जपानी काहीतरी.’ मावशींनी मान डोलावली, जणू रोजच कुणी ना कुणी असं सांगतं.

निबोशिचं डोकं आणि पोट काढून टाकायचं, नाहीतर पाणी कडवट होतं, असं जपानी पाककृतीत लिहिलेलं असतं. मी वाचून दाखवेपर्यंत सासूबाईंचं निम्मं निवडून झालं होतं. ‘यात सांगायचं काय? आम्ही असंच करतो.’ मग ती गार पाण्यात रात्रभर ठेवायची, सकाळी मंद आचेवर गरम करायची, खळखळून उकळू द्यायची नाही, आणि गाळून घ्यायची. पाणी फिकट सोनेरी दिसतं. चव जपानच्या निबोशिपेक्षा थोडी उग्र, कारण आपली मांदेली न उकडता उन्हात वाळते. म-सानने पहिल्यांदा वाटी तोंडाला लावली तेव्हा जरा थांबली आणि म्हणाली, तिच्या आजोळी, समुद्राकाठी, साधारण असाच वास असायचा. मिसो तिनेच दिलेलं असतं. सासूबाई सूप पितात, पण वरून मिरपूड घालतात. मी त्यांना अडवत नाही.

भाताचा प्रश्न तर महाराष्ट्राने कधीच सोडवून ठेवलाय. ओनिगिरी, म्हणजे हाताने वळलेले भाताचे गोळे, बासमतीचे होऊच शकत नाहीत. सुटा भात हीच आपल्याकडे सुगरणीची खूण मानतात, आणि जपानी भात नेमका चिकट हवा. इंद्रायणी घ्या. मावळातला. फक्त कमी पॉलिशचा नको. तीन-चार पाण्यांत धुवायचा, अर्धा तास भिजवायचा, शिजला की झाकण न काढता दहा मिनिटं तसाच ठेवायचा. मग ओल्या हाताला मीठ लावून गरम असतानाच वळायचा. आत जपानी माणूस उमेबोशि घालतो, खारवलेला आंबट प्लम. मी आमसूल घालते, थोडं भिजवून, बारीक चिरून. उमेबोशि जास्त चांगलं, हे मान्य करायला हवं. पण आमसुलाने भाताला आतून जो जांभळट लाल रंग येतो तो उमेबोशिच्या रंगाच्या जवळ जातो. बाहेरून लावायचं नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचा कागदासारखा पातळ पापुद्रा, मात्र मुंबईच्या हवेत पाच मिनिटांत लोळागोळा होतं. जपानी दुकानांत ओनिगिरी आणि नोरीच्या मध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा घालतात तो यासाठीच. मी डब्यात नोरी वेगळं नेते, खायच्या वेळी गुंडाळते. ऑफिसात त्याला ‘मॅडमचा कार्बन पेपर’ म्हणतात.

जपानीचं आणखी एक काम स्वयंपाकघराच्या भिंतीवर आहे. आमच्याकडे कालनिर्णय लटकतं आणि त्याच्या चौकटींत दुधाचा हिशेब असतो. त्याच चौकटीत उरलेल्या जागेत मी रोज एक ओळ जपानीत लिहिते. काय लिहायचं हा प्रश्न पडू नये म्हणून मी त्यांच्या जुन्या पंचांगाचा आधार घेते. वर्षाचे 24 भाग, प्रत्येकाचे तीन, म्हणजे 72 छोटे ऋतू, जेमतेम पाच-पाच दिवसांचे. पद्धत मूळ चिनी, जपानच्या हवामानाला जुळेल अशी नंतर बदललेली. प्रत्येकाला नाव आहे. नाव म्हणजे अख्खं वाक्यच. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी ‘नाकतोडे जन्मतात’ असतं. ते मॅन्टिस, प्रार्थना करणारे, पण माझ्या सासूबाई सगळ्यांना नाकतोडेच म्हणतात. आणि त्याच सुमारास आपल्याकडे मृग नक्षत्र लागतं, कालनिर्णयात वाहन लिहिलेलं असतं, बेडूक असेल तर घरात समाधान. मृगाचा तो लाल मखमली किडा चेंबूरला कुठून दिसणार, पण सासूबाईंच्या माहेरून फोनवर बातमी येते, दिसला म्हणून. मग मी चौकटीत दोन्ही कीटक लिहिते. त्यापुढच्या पाच दिवसांचं नाव आहे ‘कुजलेल्या गवताचे काजवे होतात’. त्याच दिवसांत निम्मी मुंबई गाड्या घेऊन भंडारदऱ्याला आणि पुरुषवाडीला काजवे बघायला जाते आणि हेडलाइट चालू ठेवते. त्यावर जपानीत जे लिहिलंय ते इथे देत नाही.

वर्णमाला मी भाच्याला शिकवली तेव्हा त्याने मला पकडलं. आ इ उ ए ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. म्हणाला, ‘मावशी, ही तर आपलीच आहे, मधले गाळलेत.’ खरंच आहे. संस्कृत मंत्र लिहिण्यासाठी सिद्धम लिपी बौद्ध भिक्षूंबरोबर चीनमार्गे जपानला गेली, तिच्या अभ्यासातून हा क्रम आला. ‘हा’ जिथे आहे तिथे पूर्वी ‘पा’ होता, म्हणजे त, न, प, म, य, र, व. त्याला हे पटल्यावर त्याने हिरागाना, म्हणजे ही वर्णमाला, एका सुट्टीत संपवली, आणि मग त्याला त्यात रस उरला नाही.

वरळीला मी अधूनमधून जाते. निप्पोनझान म्योहोजीचं बुद्ध मंदिर. आसपासचे लोक नुसतं जपानी मंदिर म्हणतात. निचिदात्सु फुजी, म्हणजे फुजी गुरुजी, यांच्या पंथाचं. बिर्लांच्या मदतीने 1950च्या दशकात उभं राहिलेलं. फुजी गुरुजी 1931 साली भारतात आले, 1933 साली वर्ध्याला गांधीजींना भेटले, आणि त्यांचा ढोलावरचा ‘नामु म्योहो रेंगे क्यो’ हा घोष आश्रमाच्या प्रार्थनेत गेला. अर्थ, सद्धर्मपुंडरीक या बौद्ध सूत्राला नमन. मला तिथे आवडतं ते हे, की तिथली गर्दी ‘जपानप्रेमी’ नसते. आसपासच्या चाळींतली बौद्ध कुटुंबं असतात, आजी नातवाला घेऊन आलेली असते, आणि ढोलाच्या ठेक्यावर सगळे तो घोष असा म्हणतात की उच्चारावर माझ्यासारखीने बोट ठेवू नये. एकदा एका आजोबांनी मला सांगितलं, बाबासाहेबांचा पुतळा जपानलाही आहे, ठाऊक आहे का? मला ठाऊक होतं. कोयासान विद्यापीठात, 2015 साली बसवलेला. पण कोयासान कुठे, तिथे कसं जायचं, ओसाकाहून किती वेळ लागतो, हे त्यांनी मला सांगितलं. त्यांचा मुलगा जाऊन आला होता. मी फक्त हुंकार देत राहिले.

गेल्या गणपतीत म-सान आमच्याकडे आली. सासूबाईंनी तिला उकडीच्या मोदकाची पारी करायला बसवलं. तिचा हात मोची, म्हणजे चिकट तांदळाचे गोळे, वळून तयार झालेला, पहिल्याच मोदकाला नीट कळ्या. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की त्याचा अर्थ मला लगेच कळला. मग मी सांगितलं की जपानमध्येही गणपती आहे. कांगितेन म्हणतात, दोन हत्तीमुखी देव एकमेकांना मिठी मारलेले, आणि मूर्ती सहसा कुणाला दाखवत नाहीत, बंद ठेवतात. क्योतोला त्याच्या नैवेद्याची एक मिठाई मिळते, कानकिदान. आत गोड सारण, वर पिठाची पिशवीसारखी पारी, तोंडाशी चुण्या, आणि तिळाच्या तेलात तळलेली.

‘मग तळणीचे मोदकच ते,’ सासूबाई म्हणाल्या.

‘हो. आणि तोकियोत आसाकुसाजवळ त्याचं एक देऊळ आहे, तिथे लोक त्याला पांढरा मुळा वाहतात.’

हे ऐकून त्या हातातला मोदक ताटात ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. म-सानला वाटलं काहीतरी बिनसलं, तिने घाईघाईने मराठीत सांगितलं, ‘खरं आहे, आई. मोठा मुळा. देव खातो.’

‘गणपतीला मुळा? वास नाही का येत?’

म-सानने यावर गंभीरपणे विचार केला. मग म्हणाली, ‘येतो. पण मूर्ती बंद असते.’

सासूबाई इतक्या हसल्या की शेजारच्या काकू डोकावून गेल्या. या वर्षी म-सान मुळा घेऊन येणार आहे असं तिने आत्ताच कळवलंय. सासूबाईंनी परवानगी दिलीये, फक्त एका अटीवर. मुळा देवापुढे दहा मिनिटं, नंतर त्याची कोशिंबीर त्या करणार, आणि त्यात सोया सॉस कुणी घालायचा नाही.